खाडीतल्या मासेमारीसाठी रील: २५०० कसा ठरला

परवा रात्री भाच्याचा फोन. "मामा, बाकी काही नको, फक्त आकडा सांग. हजार, अडीच हजार का चार हजार? ऑफर उद्या रात्री बारापर्यंतच आहे."

त्याला मासे धरायच्या रॉडला लावायचा, दोरा गुंडाळायचा रील घ्यायचाय, आणि हे आकडे किमतीचे नाहीत, रीलच्या मापाचे. मागच्या दिवाळीत तो माझ्याबरोबर रत्नागिरीला भाट्याच्या खाडीवर आला होता. माझ्याच रॉडवर त्याला एक पालू मासा लागला, तळहाताहून थोडा मोठा, आणि तेव्हापासून पोरगं पुण्यात बसून रीलच बघतंय. मी आकडा सांगून टाकला. पण फोन ठेवल्यावर चुकल्यासारखं वाटत राहिलं. त्या आकड्यापर्यंत यायला मला चार वर्षं आणि दोन चुकीच्या खरेद्या लागल्या, आणि त्यातलं काहीच मी त्याला सांगितलं नाही. म्हणून हे लिहितोय. त्याच्यासाठी आणि सांगली-मिरजेकडून घाट उतरून खाडीवर जाणाऱ्या सगळ्यांसाठी.

मी हरिपूरचा. कृष्णा आणि वारणा जिथं मिळतात त्या संगमावर काकांच्या शेजारी बसून गळ टाकायला शिकलो. रील नव्हताच. तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, डब्याला गुंडाळलेला, एक शिशाचा तुकडा, गांडूळ आणि दोरा बोटावर धरून गप बसायचं. शिंगटा ओढतो कसा आणि चिलापी टोचते कशी हे बोटालाच कळायचं. पुढं कुपवाड एमआयडीसीत लेथचं शेड टाकलं, हातात चार पैसे आले आणि मरळीसाठी पहिला रॉड-रील घेतला. मरळ जलपर्णीत आणि लव्हाळ्यात राहते. रबरी बेडूक तिच्या डोक्यावरून ओढायचा, लागली की गवतासकट उपसून बाहेर काढायची. तिथं जाड दोरा आणि दांडगा रीलच पाहिजे. माझ्याकडं ४००० चा होता आणि नदीवर त्यानं मला कधीच दगा दिला नाही.

माझी चूक झाली ती इथंच. नदीवरची सवय मी तशीच उचलून खाडीवर नेली.

पहिल्यांदा भाट्याला गेलो तेव्हा दुकानदारानंही हेच सांगितलं होतं की खाऱ्या पाण्यात मोठा मासा असतो, ४००० च्या खाली जाऊ नका, अकरा किलो ड्रॅग आहे याला. ड्रॅग म्हणजे रीलचा ब्रेक, मासा त्याहून जोरानं ओढायला लागला की दोरा सुटतो. मला ते पटलं, कारण माझ्याही मनात भीती होतीच. कोणी जिताडा म्हणतं, कोणी खजुरा, मासा एकच. मासळी बाजारात सात-आठ किलोचा जिताडा आडवा पडलेला बघितला की आपला रील आपल्याला खेळण्यासारखा वाटायला लागतो.

रात्री एकला सांगलीतून निघालो. कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा. उजाडायच्या आत काजळी नदीच्या मुखाशी पोचलो. भरती होऊन गेली होती आणि पाणी नुकतंच मागं फिरत होतं. रॉड सात फुटी, हलका, पाच ते अठरा ग्रॅम लूरचा, म्हणजे तेवढ्या वजनाच्या नकली आमिषाचा. त्यावर तो ४००० चा रील. टोकाला सात ग्रॅमचं जिगहेड, म्हणजे शिशाचं डोकं असलेला गळ, आणि तीन इंची रबरी कोळंबी.

खाडीतलं हे काम नदीसारखं नसतं. लूर टाकायचं, तळाला बसू द्यायचं, मनगटानं दोन बारीक झटके द्यायचे, पुन्हा बसू द्यायचं. एका कास्टमध्ये सहा-सात झटके सहज होतात. दीड मिनिटाला एक कास्ट धरला आणि साडेचार तास उभं राहिलं, तर एकशेऐंशी कास्ट. म्हणजे मनगटाचे हजारावर झटके. ओझं उचलायची मला सवय आहे, चकवर वीस-पंचवीस किलोचा जॉब मी एकटा चढवतो. पण साडेनऊ वाजता माझं मनगट कडक झालं आणि अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं. झटका द्यायला गेलो की अख्खा हात हलायचा आणि कोळंबी फूटभर उडायची. अशी कोळंबी कुठला मासा खाणार?

दहाच्या सुमाराला मी रॉड खाली ठेवला. नेमकं तेव्हाच खाडी जिवंत झाली. ओहोटीच्या शेवटच्या टप्प्यात तिवरांच्या मुळांमधलं पाणी बारीक बारीक ओहळांनी बाहेर पडतं, त्याबरोबर कोळंबी आणि बोईटाची पिल्लं मुख्य धारेत येतात, आणि त्या ओहळांच्या तोंडाशी मोठे मासे दबा धरून बसतात. माझ्यापासून पन्नास पावलांवर एक म्हातारे काका होडीत बसून हातदोरीनं मासे धरत होते. तासाभरात दोन जिताडे वर काढले त्यांनी. मी काठावर बसून मनगट चोळत बघत राहिलो. तो तास मला अजून सलतो.

निघताना त्यांनी माझा रॉड हातात घेतला, एकदा हवेत हलवला आणि म्हणाले, "वजन सगळं मागं गेलंय हो याचं. घाटावर चालत असेल." मग त्यांनी मला भरतीचा हिशोब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतं, पण रात्री सांगलीतून किती वाजता निघायचं हे ठरवायला एवढं पुरतं. आणि हलक्या लूरसाठी अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणापेक्षा अष्टमीच्या आसपासचं कमी ओढीचं भांगाचं पाणी बरं, हेही त्यांनीच सांगितलं. उधाणाच्या ओढीत सात ग्रॅम तळाला टिकतच नाही.

घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रिक काट्यावर रील ठेवला. दोऱ्यासकट ३०५ ग्रॅम. मित्राचा २५०० चा मागून आणला, तो २२० भरला. फरक ८५ ग्रॅमचा. दोन अंड्यांच्याही आतलं वजन! पण हजार झटक्यांना हजार वेळा तेच उचलायचं असतं, आणि ते मुठीच्या खाली लोंबत असतं. दुसरं म्हणजे तोल. रीलचा पाय दोन बोटांमध्ये घेऊन रॉड आडवा धरला की टोक किंचित खाली जायला हवं किंवा समतोल राहायला हवं. ४००० लावल्यावर माझ्या रॉडचं टोक आपोआप वर जात होतं. मग बोटं दिवसभर त्याला खाली दाबत राहतात आणि लूर तळाला टेकल्याची ती बारीक टिक् जाणवायची बंद होते. काका जे एकदा हलवून बोलले ते हेच.

आता आकड्याबद्दल. २५०० म्हणजे काय? आमच्या धंद्यात एम-टेन बोल्ट म्हटला की सांगलीत घ्या नाहीतर जर्मनीत, दहा मिलिमीटरचाच असतो. रीलच्या आकड्याला तसं कुठलंच प्रमाण नाही, प्रत्येक कंपनीचा आकडा तिचा स्वतःचा. डायवा कंपनीनं २०१८ मध्ये एलटी मालिका आणली तेव्हा स्वतःचेच जुने आकडे बदलले, त्यामुळं त्यांचा जुना २५०० आणि एलटीचा २५०० शेजारी ठेवले तर दोन वेगळ्या मापांचे रील दिसतात. शिमानो कंपनीच्या रीलवर आकड्याच्या आधी सी असेल तर अंग लहान आणि स्पूल, म्हणजे दोरा गुंडाळायची फिरकी, वरच्या मापाचा. सी ३००० म्हणजे २५०० च्या अंगावर ३००० चा स्पूल. सी २००० म्हणजे १००० चं अंग. मागं एस असेल तर स्पूल उथळ, बारीक दोऱ्यासाठी. एचजी म्हणजे गिअर जलद, एक्सजी म्हणजे त्याहून जलद, पीजी म्हणजे सावकाश पण ताकदीचा. ही अक्षरं वाचता आली की निम्मी खरेदी झाली. भाच्यानं पाठवलेल्या पाचपैकी दोन रीलवर एस नव्हता, त्यावर पुन्हा येतो.

मी मात्र आकड्यावर विसंबलो नाही. दोन्ही रील शेडवर नेले, आणि तिसरा एक हजारचा शेजारच्या शेडमधल्या पोराकडून आणला. स्पूल दोऱ्यानं भरलेले असताना व्हर्नियर लावून व्यास मोजला. हजारचा ४२ मिलिमीटर, अडीच हजारचा ४६, चार हजारचा ५१. व्यासाला ३.१४ नं गुणलं की एका वेढ्याची लांबी येते आणि तिला गिअरच्या गुणोत्तरानं गुणलं की हँडलच्या एका फेऱ्यात दोरा किती येतो ते कळतं. हजारचं गुणोत्तर ५.१, एका फेऱ्याला ६७ सेंटिमीटर. अडीच हजार, ५.३, आले ७७. चार हजार, तेही ५.३, आले ८५. मग फरशीवर खडूनं रेघ मारून दोरा प्रत्यक्ष ओढून पाहिला. दोनेक सेंटिमीटरच्या फरकानं तेच आलं.

या सेंटिमीटरचं खाडीत काय होतं ते पुढच्या खेपेला पाहिलं. जेटीच्या दोन खांबांमध्ये दोरी लावून अंतर मोजलं, दहा मीटर भरलं. तिवराचं एक पिकलं पान वरच्या खांबाशी सोडलं आणि मोबाईलवर वेळ लावली. अठरा सेकंद. म्हणजे ओहोटीचं पाणी सेकंदाला पंचावन्न सेंटिमीटर चाललेलं. अशा पाण्यात लूर ओढीच्या वर टाकलं तर पाणीच ते माझ्याकडं आणतं. सेकंदाला एक फेरा मारला तर हजारचा रील दोरा ओढणार ६७, त्यातले ५५ पाण्यानं आधीच दिलेले. उरले बारा. तेवढ्यात लूर जेमतेम सरळ राहतं, आणि हात जरा मंदावला की दोरा ढिला. दोरा ढिला असताना मासा तोंडात घेऊन थुंकून टाकतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. अडीच हजारला उरतात बावीस. तोच जर ६.२ गुणोत्तराचा घेतला तर एका फेऱ्याला ९० येतात आणि उरतात पस्तीस. म्हणून मी २५०० घेतला तो एचजी. मासा ओढायला जलद गिअर थोडा जड जातो हे खरं, पण खाडीत निम्मा वेळ ढिला दोरा गोळा करण्यातच जातो.

हजारचा वाईट आहे असं मी म्हणणार नाही. त्याचा मालक हरिपूरच्या बंधाऱ्याखाली पीई ०.६ चा दोरा लावून त्यावर छान खेळतो. पीई म्हणजे विणलेल्या, ब्रेडेड दोऱ्याच्या जाडीचं माप, आकडा मोठा तसा दोरा जाड. संथ पाण्यात, तीन ग्रॅमच्या लूरला तोच योग्य. मी तो एक सकाळ खाडीवर वापरला आणि मनगटाला जणू सुट्टी मिळाली. पण काठावर कालवांनी भरलेले खडक आहेत, दोरा घासणारच, म्हणून मला पीई १ हवा. तो हजारच्या उथळ स्पूलवर ८० मीटरच बसतो. तीन-चार वेळा घासून दहा-दहा मीटर कापावा लागला की दुपारपर्यंत स्पूल निम्म्यावर येतो, आणि स्पूल उतरला की कास्टही उतरतो. दोरा आत आणि कड वर राहिली की प्रत्येक वेढा कडेला घासत बाहेर पडतो.

म्हणून माझा सल्ला असा की आधी दोरा ठरवा. रील त्याच्या मागून येतो. भाट्यासारख्या खाडीला, जिथं खडक, कालवं, खांब आणि तिवरं आहेत, तिथं पीई ०.८ किंवा १ आणि पुढं हातभर-दीड हात सोळा पौंडी फ्लोरोकार्बन लीडर, म्हणजे दोऱ्याच्या टोकाला जोडलेला, घासाला टिकणारा तुकडा. जिताड्याच्या गालफडाची कड पात्यासारखी असते, लीडरशिवाय ब्रेडेड दोरा क्षणात जातो. असा दोरा दीडशे मीटर मावेल एवढाच स्पूल लागतो. पाचशे मीटर मावणारा खोल स्पूल घेतला तर उरलेली जागा भरायला खाली नायलॉन गुंडाळत बसावं लागतं, आणि ते वजन फुकट वाहावं लागतं. म्हणून तो एस महत्त्वाचा.

मी २५०० एस एचजी घेतला तरी पहिल्याच खेपेला एक तांबोसा गमावला. तेही सांगतो, कारण तो रीलच्या मापामुळं गेला नाही.

पाणी उतरत होतं, खांबाच्या सावलीत कोळंबी टेकली आणि एकदम जड झाली. तांबोसा लागला की पहिले तीन सेकंदच तुमचे असतात. तो सरळ आपल्या भोकाकडं, खडकात किंवा मुळात धावतो. मी ड्रॅग आवळला. दोरा जातच राहिला. अजून आवळला, तरी जातच राहिला, आणि नवल म्हणजे ड्रॅगचा टिक्-टिक् आवाजच नव्हता. मग कालवांवर घासल्याची ती खरखर हाताला लागली आणि दोरा हलका झाला. गाडीशी येऊन स्पूल हातात धरला, दोऱ्याचं टोक ओढलं. स्पूल जागेवर आणि त्यावरचा दोऱ्याचा अख्खा गठ्ठा बांगडीसारखा गोल फिरत होता! ब्रेडेड दोरा गुळगुळीत असतो. धातूच्या उघड्या स्पूलवर तो पकड घेत नाही. मी घाईत थेट स्पूललाच गाठ मारून दोरा भरला होता. दोन वेढे इन्सुलेशन टेपचे किंवा पाच मीटर नायलॉन खाली घातलं असतं तर तो मासा माझा होता. नंतर सगळा दोरा उतरवला, खाली नायलॉनचा एक थर दिला आणि ओल्या फडक्यातून दाबून घट्ट भरला, कडेच्या दीड मिलिमीटर आत थांबवून. काठोकाठ भरला तर वाऱ्यात वेढे एकदम सुटतात आणि गुंता होतो. सहा महिन्यांत एकदाही त्रास नाही.

ड्रॅगच्या आकड्यावरही माझं मत पक्कं झालंय. डब्यावर अकरा किलो लिहिलंय म्हणून भारावून जाऊ नका. माझ्या लीडरचा दम सव्वासात किलो. गाठीत थोडा कमी होतो, रॉडचा धक्का वेगळा, म्हणून त्याच्या चौथाईवर ड्रॅग लावायचा, म्हणजे पावणेदोन-एक किलो. मी स्प्रिंगचा काटा दोऱ्याला अडकवून, रॉड वाकवून लावतो. एकदा करून बघाच. पावणेदोन किलोला हलका रॉड मुठीपर्यंत वाकतो आणि हाताला ते खूप वाटतं. अकरा किलो ओढलं तर आधी रॉड जाईल. माझ्या रीलचा जास्तीत जास्त ड्रॅग चार किलो आहे आणि त्यातला निम्मासुद्धा मी वापरत नाही. बघायचं ते एवढंच की ड्रॅग सुटताना अडखळतो का. दुकानात सैल करून बोटानं स्पूलवरचा दोरा ओढा. पहिला सेंटिमीटर बाकीच्या मीटरसारखाच सुटला पाहिजे. तो अडकून झटक्यानं सुटत असेल तर रील परत ठेवा, कितीही स्वस्त असो.

दोरा बाहेर गेला की स्पूलचा व्यास कमी होतो आणि ड्रॅग वाढतो, असं लोक फार सांगतात. मी तेही मोजलं. साठ मीटर गेल्यावर ४६ चे ४३ आणि थोडे झाले, म्हणजे फरक पाच टक्क्यांच्या आसपास. खोल समुद्रात दोनशे मीटर दोरा जातो तिथं ते मोठं असेल. आमच्या खाडीत मासा दहा मीटरमध्ये खडकात शिरतो, त्याचा निकाल पाच टक्क्यांवर लागत नाही.

आणि ती मोठ्या माशाची भीती. तांबोसा लहानपणी आणि तरुणपणी खाडीत, तिवरांत राहतो, मोठा झाला की बाहेर खोल खडकांवर जातो. खाडीत तुम्हाला लागणार तो किलो-दोन किलोचा, तिखट आणि चपळ. पालू, गोबरा त्याहून लहान. जिताडा मात्र मोठा लागू शकतो, कबूल. पण जिताडे बहुतेक सुरुवातीला नर असतात आणि वाढल्यावर माद्या होतात. म्हणजे ते फार मोठे धूड ही बहुधा अंडी देणारी मादी. तशी लागलीच तर फोटो काढून सोडायची, हे मी स्वतःपुरतं ठरवलंय. वर्षातून एकदा कदाचित लागणाऱ्या त्या माशासाठी उरलेले सगळे दिवस जड रील वागवायचा नाही. नदीवर मरळीला मात्र अजून माझा तोच जुना ४०००. तिथं त्याच्याशिवाय हात चालत नाही.

देखभालीचं थोडंसं. पहिल्या पावसाळ्याआधी माझ्या रीलमधून ओढताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला. बेलच्या, म्हणजे दोरा अडवणाऱ्या तारेच्या कडीच्या, टोकाशी दोरा ज्या छोट्या रोलरवरून जातो तो उघडला. आतल्या बेअरिंगभोवती हिरवट-पांढरं मीठ, खडीसाखरेच्या भुग्यासारखं, आणि रोलर जाम. फिरत नसलेल्या रोलरवरून ब्रेडेड दोरा घासून घासून मध्यावर एक केसाएवढी रेघ पडली होती. भिंगातून पाहिली, नख अडकत होतं. तीच रेघ दोऱ्याचे धागे तोडत होती आणि मी दोऱ्याला दोष देत होतो. आता खाडीवरून निघायच्या आधीच ड्रॅग घट्ट करून बाटलीतल्या गोड्या पाण्यानं वरून हलकं धुतो. बादलीत बुडवत नाही, जोराचा फवारा मारत नाही, त्यानं मीठ आत जातं. घरी आल्यावर पुसून, ड्रॅग सैल करून सावलीत ठेवतो आणि दोन खेपांनंतर रोलरला तेलाचा एक थेंब. मशीन कुठलंही असो, आधी फिरणारा भाग बघायचा, हे शेडमधल्या पोरांना मी रोज सांगतो.

या सगळ्यानंतर, गेल्या माघात, षष्ठीला गेलो होतो. सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे उजाडताना पाणी उतरायला लागलेलं. दहा वाजले तरी मनगट ताजं होतं. होडीतले काका त्यांच्या जागी होते. तिवरांचे ओहळ वाहायला लागले आणि दुसऱ्या ओहळाच्या तोंडाशी दोऱ्यावर ती टिक् आली, अगदी लहानपणी बोटावर यायची तशी. तांबोसाच होता. ड्रॅग दोन मीटर रडत गेला आणि थांबला. मी रॉड आडवा धरून त्याला खडकापासून बाजूला ओढला, पुन्हा मीटरभर गेला, पुन्हा थांबला. वर आला तेव्हा पाण्यात विटेचा तुकडा चमकल्यासारखा दिसला. सव्वा किलो. काकांनी लांबून हात वर केला.

भाच्याला सकाळी पुन्हा फोन केला आणि ऑफर जाऊ दे म्हटलं. येत्या सप्तमीला त्याला सुट्टी आहे. सातची पाऊणपट सव्वापाच, म्हणजे रात्री साडेबाराला सांगलीतून निघायचं. शेजारच्या पोराचा हजारचा मागून ठेवलाय, माझा अडीच हजारचा आहे, आणि नदीवरचा चार हजारचाही डिकीत टाकतो. दीड-दीड तास तिन्ही त्याच्या हातात देणार. घाट चढून परत येताना तोच मला आकडा सांगेल.